साच्यातलं माप

महाराष्ट्रात तोफांना नावं आहेत. जंजिऱ्याची कलालबांगडी शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. अहमदनगरात १५४९ साली मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतलेली आणि पुढे विजापूरच्या बुरुजावर चढलेली मलिक-ए-मैदान आजही लोक वाट वाकडी करून पाहायला जातात. बंदुकीच्या गोळीला मात्र नाव नाही. ती कुणी जपून ठेवली नाही, तिच्यावर कुणी लेख कोरला नाही, आणि लढाईच्या वर्णनात ती पावसाच्या थेंबांसारखी घाऊक येते आणि जाते. हे स्वाभाविक असलं तरी त्यामुळे आपल्या लष्करी इतिहासातला एक महत्त्वाचा प्रश्न झाकलेला राहिला आहे. अठराव्या शतकात मराठी फौजांकडे बंदुका होत्या, नेमबाज होते, दारू होती, शिसंही मिळत होतं. मग नेमकं कमी काय पडलं? माझं उत्तर असं, की गोळी ओतण्याची कला आपल्याकडे गावोगाव पोचलेली होती, पण सगळ्यांनी पाळायचं एक माप नव्हतं. गोळी ओतणं सोपं असतं. ती नळीत अडकूही नये आणि खुळखुळूही नये, एवढ्या अचूकपणे हजारो गोळ्या एकसारख्या करणं अवघड असतं. या दाव्याचा पुरावा कागदांत थोडा आहे आणि गंजून बंद झालेल्या जुन्या साच्यांत त्याहून जास्त आहे.

आधी काम कसं चालतं ते पाहू. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. चुलीच्या किंवा कोळशाच्या शेगडीच्या आचेवर, लोखंडी पळीत ते सहज पाणी होतं. तांबं किंवा लोखंड वितळवायला ओताऱ्याची भट्टी आणि भाता लागतो, तसा इथे लागत नाही. साचा म्हणजे अडकित्त्यासारखी बिजागरीवर उघडणारी दोन पाती. प्रत्येक पात्यात अर्धा गोल कोरलेला, आणि वरून रस ओतायला बारीक वाट. साचे लोखंडाचे असत, पितळेचे असत, मऊ दगडातही कोरलेले असत. आतल्या बाजूला दिव्याची काजळी धरली की शिसं धातूला चिकटत नाही. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर पृष्ठभाग खरबरीत होतो आणि गोळी सुटायला वेळ घेते. ती सुटली नाही तर बिजागरीजवळ लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोकायचं. आतून लोखंडी टोकाने उचकटायचं नाही, कारण तसं केलं की कोरलेल्या गोलाच्या कडेला चरा पडतो आणि पुढची प्रत्येक गोळी त्याच चऱ्यात अडकते. गोळी बाहेर आली की वाटेत गोठलेली शेंडी छाटायची. एवढं जमलं की शिपाई तळावर बसून संध्याकाळच्या स्वयंपाकाबरोबर दुसऱ्या दिवसाच्या गोळ्याही करू शकत असे. या सोपेपणातच पुढची अडचण दडलेली होती.

काळी दारू पेटली की तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा भाग धूर आणि राख अशा घन रूपात उरतो. तो नळीच्या आत बसतो. ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून गजाने ठासावी लागते, त्यामुळे पाच-सात बार झाले की आधी सहज जाणारी गोळी घट्ट जायला लागते आणि मग मध्येच रुतते. मध्येच रुतलेली गोळी जीवघेणी असते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. अशी गोळी काढायला गजाच्या टोकाला मळसूत्र लावून ते शिशात फिरवत घालावं लागे आणि गोळी ओढून काढावी लागे. शत्रू समोर असताना हे जमत नाही. म्हणून प्रत्येक फौजेपुढे एकच पेच होता: गोळी घट्ट ठेवली तर नेम लागतो पण ती लवकर रुतते, सैल ठेवली तर भराभर ठासता येते पण नेम चुकतो. इंग्रजांनी आपल्या मस्केटसाठी दुसरी वाट निवडली. नळीचं तोंड सुमारे ०.७५ इंच आणि गोळी सुमारे ०.६९ इंच, म्हणजे दीड मिलिमीटरचं अंतर. एका पौंडात साधारण चौदा गोळ्या. नेम बेताचाच, पण कोणत्याही शिपायाची गोळी कोणत्याही शिपायाच्या बंदुकीत जायची, आणि कागदी पुडीत दारूसकट बांधून ती आगाऊ तयार ठेवता यायची. सैलपणाची किंमत त्यांनी जाणून मोजली.

आपल्याकडची व्यवस्था वेगळ्या पायावर उभी होती. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येत असे. कोकणातले हेटकरी बंदुकीसाठी नावाजलेले, आणि इतिहासकार ग्रँट डफनेही त्यांच्या नेमबाजीची नोंद घेतली आहे. बंदूक माणसाची, तिची नळी त्या त्या कारागिराच्या हाताची, म्हणून तिचा साचाही तिच्यापुरता. शिवाजी महाराजांच्या काळातली एक नोंद या बाबतीत फार बोलकी आहे. महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ऐंशी तोफा आणि आपल्या तोड्याच्या बंदुकांना पुरेल इतकं शिसं विकत घेतल्याचं इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो. महाराष्ट्रात शिशाच्या खाणी नाहीत, त्यामुळे हा धातू सुरत, मुंबई, गोवा अशा बंदरांतून यायचा, आणि इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या मालात शिसं ही नेहमीची बाब होती. पण लक्ष द्यायचं ते वेगळ्या गोष्टीकडे. राज्याने विकत घेतलं ते शिसं, तयार गोळ्या नव्हेत. यावरून मी असा निष्कर्ष काढतो, की शेवटचं काम, म्हणजे माप, राज्याने शिपायाच्या हातावर सोडलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा दारूखाना वस्तीपासून दूर असावा, ठरावीक दिवसांनी दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावं, अशा बारीकसारीक सूचना आहेत. दारू सांभाळण्याची शिस्त राज्यकर्त्यांना पूर्ण समजली होती. थोरल्या माधवरावांच्या काळात जुन्नरकडच्या आंबेगावी तोफगोळे ओतण्याचा कारखाना होता, म्हणजे सरकारी ओतकामाची कल्पनाही होती. तोफेच्या गोळ्यापर्यंत आलेली ही शिस्त बंदुकीच्या गोळीपर्यंत उतरली नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की देशी तोड्याची बंदूक इंग्रजी मस्केटपेक्षा लांब आणि अचूक मारा करत होती, असं खुद्द युरोपीय लोकांनीच लिहून ठेवलं आहे. मग कमी होतं तरी काय? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. लांब नळी आणि तिच्याच साच्यातली, तिला बेताची बसणारी गोळी असेल तर मारा चांगला होणारच. गडाच्या तटावरून किंवा घाटाच्या खिंडीतून लढणाऱ्या हेटकऱ्याला हेच हवं होतं. त्याला भराभर बार काढायचे नव्हते, मोजके आणि नेमके काढायचे होते. अडचण येते ती मोकळ्या मैदानात, हजारो माणसांच्या रांगेत. तिथे शेजारचा शिपाई पडला तर त्याच्या पिशवीतल्या गोळ्या माझ्या कामाच्या नाहीत. मागून आलेल्या बैलांवर शिसं आहे पण साचा हरवला आहे. तिसऱ्या दिवशी कुणाच्या गोळ्या रुततात तर कुणाच्या घरंगळतात. एकट्या माणसाच्या हातातली अचूकता सैन्याच्या पातळीवर निरुपयोगी ठरते. डोंगरी युद्धात हा दोष दिसलाच नाही, म्हणून तो दुरुस्तही झाला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या कवायती पलटणी उभारल्या, आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या हाताखाली तोफा ओतल्या आणि दहा रुपयांना एक या भावाने चांगल्या बंदुका बनवल्या. तिथे एकसारखेपणा होताच. असईच्या मैदानावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची जी हानी केली तिची आठवण त्याला आयुष्यभर राहिली. ही गोष्ट खरी आहे आणि ती अभिमानाने सांगावी अशीच आहे. मराठी कारागिराला एकसारखं काम येत नव्हतं, हा समज तिच्यामुळे मोडीत निघतो. पण त्याच गोष्टीतून दुसरंही दिसतं. हे ज्ञान थोड्या कारखान्यांत, थोड्या माणसांच्या भोवती आणि बहुतेक सगळं उत्तरेत गोळा झालं होतं. ऑक्टोबर १८०३ मध्ये आग्र्याचा किल्ला पडला आणि त्याच्याबरोबर ती सोयही गेली. पुण्याच्या आसपास, नीरा-भीमेच्या खोऱ्यात, म्हणजे ज्या परगण्यांतून माणसं फौजेत जात होती तिथे, माप शिकवणारी तशी जागा उभी राहिली नव्हती. इंदापूर परगणा तर भोसल्यांच्या सुरुवातीच्या जहागिरीतला. शतकानुशतकं तिथून लढवय्ये गेले, पण गोळ्यांचं सरकारी माप कधी तिथे आलं नाही.

इंग्रजांनाही हे सहज साधलं, असं मात्र कुणी समजू नये. १८५३ च्या एनफील्ड रायफलीचं तोंड ०.५७७ इंच आणि गोळी ०.५६८ इंच, म्हणजे अंतर पाव मिलिमीटरच्याही आत. ठासायला सोपं जावं म्हणून काडतुसाला मेण आणि चरबीचा लेप. त्या चरबीने हिंदुस्थानात १८५७ साली काय पेटवलं हे सर्वांना माहीत आहे, आणि ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीचा उठावही त्याच काळातला. पण चरबीचा प्रश्न धर्माइतकाच मापाचाही होता, याकडे कमी लक्ष गेलं. उन्हाळ्यात चरबी वितळून कागदात मुरते आणि गोळी कोरडी पडते. चरबीतली आम्लं शिशावर काम करतात आणि त्यावर पांढरा थर चढतो. पाव मिलिमीटरच्या अंतरात एवढाही थर पुरतो, आणि कोठारात ठीक असलेली गोळी मैदानात नळीत रुतते. इंग्रजांनी दोन गोष्टी बदलल्या. गोळीचा व्यास कमी करून ०.५५० इंच केला, आणि वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचा अधीक्षक एडवर्ड बॉक्सर याच्या काळात चरबी काढून निव्वळ मधमाशीचं मेण वापरायला घेतलं. हिंदुस्थानी शिपायाने जी गोष्ट जिवावर उदार होऊन नाकारली ती चरबी, अगदी वेगळ्या कारणाने, त्यांच्या स्वतःच्या कारखान्यानेही नाकारली. इतिहासाच्या पुस्तकांत हे वाक्य ठळकपणे यायला हवं.

इथे तिसरा आक्षेप येतो: इतक्या चुका त्यांच्याही झाल्या, मार्टिनी-हेन्रीची पातळ पितळी पत्र्याची काडतुसं तर सुदानात १८८५ साली अबू क्लेआच्या लढाईत बंदुकीत अडकून बसली, मग मापाची थोरवी कशाला? उत्तर असं, की चूक झाली तेव्हा ती कुठे झाली हे सांगता आलं, कारण मोजायला एक ठरलेला आकडा होता. ०.५६८ जड जातं म्हणून ०.५५० करा, असा हुकूम काढता येतो. दहा हजार शिपायांच्या दहा हजार साच्यांना असा हुकूम काढता येत नाही. अडकलेली गोळी प्रत्येकाने आपल्या गजाने सोडवायची आणि विसरून जायची, की ती का अडकली हे एका ठिकाणी लिहून सगळ्यांचं माप बदलायचं, या दोन रीतींत सगळा फरक आहे. याचं देशी रूप म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, स्थापना १८६९. जागा निवडण्यामागे लष्करी छावणी होती, तशी रेल्वेही होती. पुणे ते डिकसळ हा लोहमार्ग १८५८ मध्येच सुरू झाला होता, आणि डिकसळ इंदापूर तालुक्यातलं, भिगवणजवळचं. भोर घाटाची चढण १८६३ मध्ये खुली झाली आणि मुंबई बंदरातलं शिसं, तांबं, यंत्रं थेट देशावर यायला लागली. त्याच तालुक्यातल्या कळससारख्या गावातल्या माणसाला बैलगाडीने एका दिवसात गाठता येईल अशा अंतरावरून ती आगगाडी जात होती. अशा कारखान्यात गोळी तयार झाली की काम संपत नसे. तिला ठरलेल्या व्यासाच्या पोलादी भोकातून दाबून काढायचं, मग गेजने तपासायचं. एका भोकातून ती गेली पाहिजे आणि दुसऱ्यातून जाता कामा नये. पिढ्यान्पिढ्या शिकलगाराच्या आणि ओताऱ्याच्या डोळ्यांत असलेला अंदाज इथे मोठ्या प्रमाणावर लोखंडाच्या तुकड्यात उतरला, आणि तो तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात देता येत होता.

त्यानंतर नऊ वर्षांनी, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला. या कायद्यावर राजकीय अंगाने खूप लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे, कारण एका समाजाला निःशस्त्र करण्याचा तो उघड डाव होता. कारागिरीच्या अंगाने त्याचा परिणाम वेगळा झाला. गावातल्या तोड्याच्या बंदुका गेल्या किंवा लपल्या, आणि साचे माळ्यावर, पेटीच्या तळाशी, देवघराच्या कोनाड्यात पडून राहिले. ज्या वस्तूंत मराठी शिपायाच्या गोळीचा नेमका व्यास कोरलेला होता, त्या वस्तू वापरातून गेल्या. कोकणात पिकांच्या रक्षणासाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत, पण देशावर ही परंपरा जवळजवळ तुटली. उरले ते गंजून जाम झालेले साचे.

आणि म्हणून, हे साचे सोडवायचे कसे हा केवळ कारागिराचा प्रश्न नाही, तो इतिहासाचाही प्रश्न आहे. साचा कशाने अडकला आहे हे आधी ओळखावं लागतं. मेण किंवा जुनं तेल घट्ट झालं असेल तर थोडी ऊब पुरते, कारण मधमाशीचं मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं. गंज असेल तर बिजागरीवर पातळ तेल घालून दिवसच्या दिवस थांबावं लागतं, मधून मधून हलकेच पाती हलवून पाहावी लागतात. शिशाचा तुकडा आत राहिला असेल तर तो लाकडाच्या किंवा पितळेच्या बोथट टोकानेच काढायचा. भट्टीत लाल करून, हातोड्याने मारून किंवा तारेच्या ब्रशने आतून घासून साचा उघडतो खरा, पण अर्ध्या गोलाच्या भिंती खरवडल्या गेल्या की तो किती मिलिमीटरची गोळी ओतत होता हे पुन्हा कधीच कळत नाही. वस्तू चकचकीत होते आणि पुरावा नाहीसा होतो. लोखंडाला ऊब देऊन सैल करण्याची विद्या इंदापूरच्या भागाला नवी नाही. कळसजवळच्या वालचंदनगरला वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला. उसाच्या गिरणीच्या लाटेवर बिडाचं जाड कवच बसवायचं तर ते तापवून फुगवतात, दांड्यावर सरकवतात आणि थंड होऊन आवळू देतात. तिथल्या कारखान्याने पुढे इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटरची कवचं केली. त्या कामात दशांश मिलिमीटरही फार मोठा असतो. ज्या तालुक्याला पेशवाईत मापाची जागा मिळाली नव्हती, त्याच तालुक्यात आता ती आहे.

पुण्याच्या संग्रहालयांत आणि जुन्या वाड्यांत बंदुका नीट मांडलेल्या दिसतात, शेजारी लांबी लिहिलेली असते, मुठीवरच्या नक्षीचं वर्णन असतं. नळीच्या तोंडाचा व्यास मात्र क्वचितच दिलेला असतो, आणि साच्याचा तर नाहीच. मराठी फौजेच्या बंदुकांबद्दल आपण जे काही म्हणतो, मी वर जे म्हटलं आहे तेही, शेवटी या दोन आकड्यांवर तपासलं गेलं पाहिजे. पन्नास बंदुका आणि पन्नास साचे मोजून त्यांचे व्यास एका तक्त्यात मांडले, तर ते एकमेकांच्या जवळ येतात की सैरभैर पसरतात हे दिसेल. ते जवळ आले तर माझा युक्तिवाद चुकीचा ठरेल, आणि तसं झालं तरी आपण पुढे गेलेलो असू. ज्यांच्या घरात असा साचा असेल त्यांना विनंती आहे, की तो जबरदस्तीने उघडू नका, घासू नका. आतली पांढरी पूड शिशाची असते आणि विषारी असते, म्हणून हात धुवा आणि लहान मुलांना दूर ठेवा. ठासणीची जुनी बंदूक असेल तर ती भरलेली असू शकते असंच धरून चाला, तिला कधीही आच दाखवू नका आणि जाणकार माणसाकडून गज घालून नळीची खोली तपासून घ्या. मग साचा जवळच्या संग्रहालयात किंवा इतिहास संशोधक मंडळात घेऊन जा आणि त्याचं माप लिहून घ्यायला सांगा.